नारळाचं पाणी आणि द्रौपदी गजभियेची सही

मुलुंडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या गाळ्यात द्रौपदी गजभियेला सगळे 'मावशी' म्हणत, आणि तिला ते मुळीच आवडत नसे. मावशी म्हटलं की चहा सांगता येतो. तिचं काम चहाचं नव्हतं. ओळखपत्रावर 'तंत्र सहायक, स्वच्छता व तपासणी' असं छापलेलं होतं आणि ते कार्ड ती पदराच्या बाहेर दिसेल असं अडकवी. सव्वीस वर्षं बाई इथे भांडी घासतेय, असं कंपनीतले लोक हसत हसत पाहुण्यांना सांगत. हसणाऱ्यांतल्या एकालाही तसं भांडं घासता आलं नसतं.

भांडं कसलं, ते आधी सांगायला हवं. एखादी वस्तू वरून फार वेगाने खाली येऊ लागली की तिच्या पुढची हवा भयंकर तापते. इतकी, की हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि त्या वस्तूभोवती त्यांची खोळ चढते. त्या खोळीतून रेडिओच्या लहरी आरपार जात नाहीत. तेवढा वेळ आतल्या यंत्राला काही सांगता येत नाही आणि त्याचंही काही ऐकू येत नाही. हा मुका वेळ कमी व्हावा म्हणून कंपनी एका सरकारी प्रयोगशाळेसाठी डबा बनवत होती. डब्यात घन इंधनाची घट्ट वडी. ती पेटली की ठरल्या वेगाने जळते आणि असा गॅस सोडते, की सुटे इलेक्ट्रॉन त्या गॅसच्या कणांना जाऊन चिकटतात. इलेक्ट्रॉन कमी झाले की खोळीला खिडकी पडते आणि आवाज पलीकडे जातो. द्रौपदीने हे घरी नवऱ्याला समजावलं, तेव्हा भाऊराव म्हणाला, म्हणजे दंगा करणाऱ्या पोरांच्या हातात एकेक लाडू द्यायचा. भाऊराव आयुष्यभर दवाखान्यात कंपाउंडर होता. पण कंपनीचे मालक डॉक्टर अनिरुद्ध टिपणीस यांच्या दीड तासाच्या भाषणापेक्षा तिला हा लाडू जास्त पटला.

इंधन कालवायचं, साच्यात ओतायचं आणि जाळून बघायचं काम कर्जतच्या पलीकडे, परवाना असलेल्या मोकळ्या जागेत चाले. मुलुंडला फक्त ऑफिस, आणि रिकामी भांडी न् साचे धुण्याची द्रौपदीची खोली. इथून भांडी टेम्पोने तिकडे जात. तिकडे त्यांना पाण्याचा थेंब लावायचा नाही असा नियम होता. पिशवी उघडायची आणि थेट वापरायची. म्हणजे द्रौपदीने जे धुतलं ते शेवटचं.

आणि धुवायचं कशासाठी, तर खारं काहीही त्यात राहू नये म्हणून. सोडियम, पोटॅशियम ही जात अशी आहे, की जरा आच लागली की स्वतःचेच इलेक्ट्रॉन उधळायला लागते. घामाचं बोट लागलं, तरी ते आलंच. इलेक्ट्रॉन टिपायला ठेवलेल्या डब्यात असलं काही गेलं, तर विझवायच्या पाण्यात रॉकेल मिसळल्यासारखं होतं. बारावी सायन्सपर्यंत शिकलेल्या आणि पुढे कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं परीक्षानळ्या धुतलेल्या द्रौपदीला हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि दुसऱ्यांदा सांगावं लागलं नव्हतं.

तिची पद्धत ठरलेली. नळाच्या पाण्याने तीनदा, शुद्ध पाण्याने पाचदा. पाचव्या वेळचं पाणी बाटलीत भरून, चिठ्ठी लावून कपाटात. मग भट्टीत वाळवणं, हातमोजे घालून पिशवीत घालणं, पिशवीच्या तोंडाला तीन घड्या आणि वर दोरा. गाठ मात्र तिची स्वतःची. तिची आई भंडाऱ्याकडे बिड्या वळायची आणि जुडग्याला अशी गाठ मारायची, की दोरा मानेखालून दोनदा फिरवून टोक परत आत खुपसायचं. सुटता सुटत नाही, आणि सोडलीच तर ज्याला येत नाही त्याला पुन्हा मारता येत नाही. गाठीला टॅग. टॅगवर तारीख, वेळ आणि सही. असे तिने सव्वीस वर्षांत किती टॅग बांधले असतील ते कुणी मोजलं नव्हतं, पण त्यातला एकही परत आला नव्हता.

आता टिपणीस. माणूस दिसायला बरा, केस काळे करायचा, बोलायचा छान. दर दोन महिन्यांनी जुहूच्या कुठल्या तरी हॉटेलात शोधनिबंध वाचायचा, आणि रविवारी शाळांतून 'वैज्ञानिक दृष्टिकोन' या विषयावर व्याख्यानं द्यायचा. कांदिवलीच्या एका शाळेत त्याने बुवाबाजीचा पर्दाफाश केला होता. नारळावर मंत्राचं पाणी शिंपडायचं आणि नारळ भडकन पेटायचा. मग टिपणीस खुलासा करायचा, की मुलांनो, शेंडीत सोडियमचा तुकडा लपवलेला होता. मुलं टाळ्या वाजवत. तो सोडियम रॉकेलच्या बाटलीत घालून मुलुंडपासून कांदिवलीपर्यंत मांडीवर धरून नेला होता द्रौपदीने. टाळ्या टिपणिसाला. त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. टाळ्यांनी भांडी निघत नाहीत.

दसऱ्याला ती दरवर्षी नागपूरला जाई. दीक्षाभूमीला गेल्याशिवाय तिचं वर्ष पुरं होत नसे, आणि त्या दोन दिवसांची रजा टिपणीस आनंदाने देई. आनंदाने देण्याचं कारण तिला ठाऊक होतं. खंडेनवमीला कंपनीत हत्यारांची पूजा असे. ती तिथे असती तर कोपऱ्यात हात बांधून उभी राहिली असती आणि प्रसादाचा पेढा घेतला नसता, आणि बाकीच्यांना उगाच अवघडल्यासारखं झालं असतं. यंदाही ती निघण्याआधी सहा साचे आणि एक मोठं भांडं धुऊन, पिशव्यांत बांधून, टॅग लावून गेली. परत आली तेव्हा टेम्पो कर्जतकडे रवाना झाला होता.

पंधरा दिवसांनी चाचणीचा निकाल आला आणि गाळ्यात सुतक पडलं. तापलेल्या हवेच्या झोतात डबा पेटवून पलीकडे रेडिओचा आवाज कितपत पोचतो ते बघायचं होतं. ऑगस्टमधल्या डब्याने छान खिडकी पाडली होती. या वेळी डबा पेटल्यावर आवाज सुधारायच्या ऐवजी आणखी बुडाला. डबाच लावला नसता तर बरं झालं असतं, असा आलेख. तो आलेख घेऊन कर्जतहून मनाली आली. ही इथली तरुण इंजिनिअर, हुशार, आणि टिपणिसासमोर आवाज न फुटणारी. प्रयोगशाळेच्या माधुरी मॅडम सोमवारी स्वतः येणार होत्या. कारण सांगा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो, असा त्यांचा निरोप होता.

शुक्रवारी टिपणिसाने द्रौपदीला केबिनमध्ये बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. त्याच वेळी तिने ओळखलं, की काहीतरी वाईट आहे. मग चहा आला. मग एक टाइप केलेला कागद. त्यावर लिहिलं होतं, की दूषणाचं कारण मानवी चूक; अंतिम धुण्यात शुद्ध पाण्याऐवजी नळाचं पाणी वापरलं गेलं; संबंधित कर्मचाऱ्याने हे मान्य केलं आहे. खाली तिचं नाव आणि सहीपुरती रिकामी रेघ.

टिपणीस गोड बोलत होता. ही नुसती फॉर्मॅलिटी. तुम्हाला कुणी काही बोलणार नाही. पाच महिन्यांनी तुम्ही रिटायर होताय, आपण झकास निरोप समारंभ करू, नंतरही दोन वर्षं ठेवून घेऊ. माणूस आहे, वय होतं, हात चुकतो. द्रौपदीने विचारलं, की ऑगस्टमध्ये हाच हात होता, तेव्हा कसा चुकला नाही. त्यावर त्याने घड्याळ बघितलं. ती म्हणाली, सोमवारी सांगते. चहा तिने तसाच ठेवला. साय धरली होती.

नाहूरला घरी तिने भाऊरावला सगळं सांगितलं. तो ताटावरून उठला नाही, जेवणही थांबवलं नाही.

"तू नळाचं पाणी घेतलं होतंस?"

"नाही."

"मग सही काहून करतेस?"

"करते कुठं म्हणाले मी?"

"मग जेव."

भाऊरावाच्या बोलण्यात सल्ला एवढाच. पण तिला झोप लागली नाही, हेही खरं. नोकरीचं तिला फारसं काही नव्हतं. पण तो कागद कंपनीच्या फायलीत जाणार, प्रयोगशाळेच्या फायलीत जाणार, आणि मागच्या सगळ्या टॅगांवरच्या सह्या त्या एका सहीने खोट्या पडणार. पुढच्या बाईला शिकवताना सांगतील, की पूर्वी एक गजभियेबाई होती, नळाचं पाणी वापरायची.

शनिवारी ती लवकर गेली. कर्जतहून न वापरलेले दोन साचे परत आले होते, जसेच्या तसे बांधलेले, तिचा टॅग लावलेले. ते तिने उचलले आणि हातातच धरून राहिली. टॅग तिचा. सही तिची. गाठ तिची नव्हती. कुणीतरी बुटाच्या नाडीसारखी फुलगाठ मारली होती आणि ती सुटू नये म्हणून वर आणखी एक.

तिने पिशव्या उघडल्या नाहीत. मनालीला खोलीत बोलावलं आणि दार लावलं.

"ही गाठ कुणाची?"

मनाली म्हणाली, मला काय माहीत मावशी. इंजिनिअर झालेल्या पोरी खोटं बोलताना बारावीच्या तोंडी परीक्षेतल्यासारख्या कपाळावरची बट कानामागे सारतात. मनालीनेही सारली, आणि मग तिच्या तोंडून बाहेर पडायला लागलं. पूजा दरवर्षी टेबलावर स्क्रू-ड्रायव्हर आणि लॅपटॉप ठेवून व्हायची. यंदा सरांना वेबसाइटसाठी फोटो हवा होता, 'परंपरा आणि तंत्रज्ञान' असं खाली लिहायला. फोटोग्राफर म्हणाला, प्लॅस्टिकच्या पिशव्या छान दिसत नाहीत, स्टील चमकायला पाहिजे. मग सरांनी पिशव्या सोडायला लावल्या. भांडं मध्ये, सहा साचे भोवती. हळदकुंकू. सरांनी भांड्याच्या काठावरच नारळ फोडला आणि पाणी सगळ्यांवर शिंपडलं. फोटोग्राफरने पुन्हा एकदा शिंपडायला सांगितलं, थेंब हवेत पकडायचे होते. नंतर फडक्याने पुसलं, वाळवलं आणि परत बांधलं.

"कुणी बांधलं?"

"मी."

"आणि आलेख बघितल्यावर काही सुचलं नाही तुला?"

"सुचलं ना. सरांना बोलले मी. ते म्हणाले, दोन थेंबांनी काय होतंय. आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवरचा फोटो डिलीट करायला लावला."

द्रौपदीला खरा संताप आला तो इथे. नारळ फोडला, ठीक. श्रद्धा असती तर तिने एक वेळ समजून घेतलं असतं; श्रद्धेपायी माणसं काय काय करतात ते तिने घरादारांत पाहिलं होतं. पण या माणसाची श्रद्धाही नव्हती. त्याने फोटोसाठी नारळ फोडला. नारळाच्या पाण्यात पोटॅशियम किती असतं ते त्याला माहीत, पोटॅशियमने काय होतं तेही माहीत, पाणी वाळलं तरी क्षार भांड्यातच राहतो हे तर मुलुंड-भांडुपच्या मिठागरांशेजारी वाढलेल्या शेंबड्या पोरालाही माहीत. आलेख आला त्याच क्षणी त्याला कळलं होतं. म्हणून तर खुर्ची, म्हणून तर चहा.

"तुझ्या फोनमध्ये फोटो आहे?"

"मी पण डिलीट केला, मावशी."

"हुशार आहेस."

मनालीचे डोळे भरले. द्रौपदीने तिला रडायला सवड दिली नाही. असल्या रडण्याला तिच्या खोलीत जागा नव्हती. तेवढ्यात मनालीला आठवलं, की तो फोटो तिने त्याच दिवशी आईला पाठवला होता, आणि आईने तो मावशा, आत्या आणि सोसायटीच्या भजनी मंडळाला पाठवला होता. कंपनीची गुप्तता अशी असते. दहा मिनिटांत फोटो परत आला. टिपणीस सोवळ्यात, हातात नारळाची वाटी, आणि चमचमत्या साच्यांवर थेंब हवेत थबकलेले. फोटोग्राफर खरंच चांगला होता.

सोमवारी माधुरी मॅडम आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, बोलणं मोजकं. टिपणिसाने कागद पुढे केला आणि द्रौपदीबाई आमच्या जुन्या कर्मचारी, प्रामाणिकपणे चूक मान्य करतायत, असं सुरू केलं. द्रौपदी म्हणाली, सही करण्याआधी पाच मिनिटं माझ्या खोलीत चला. टिपणीस म्हणाला, याची गरज नाही. माधुरी मॅडम उठून चालायलाही लागल्या होत्या.

टेबलावर बर्नर होता, प्लॅटिनमची तार होती, आणि बारावीच्या प्रत्येक प्रयोगशाळेत असते तशी निळी काच. द्रौपदीने मॅडमना पिशवीची गाठ दाखवली आणि शेजारी आपली गाठ मारून दाखवली. मग त्यांच्यासमोर पिशवी उघडली, साचा चमचाभर शुद्ध पाण्याने विसळला, ते पाणी आटवलं. दुसऱ्या वाटीत तिच्या कपाटातल्या बाटलीतलं, दसऱ्याआधीच्या पाचव्या धुण्याचं पाणी आटवलं. तिसऱ्या वाटीत नळाचं. कारण कागदावर नळाचं पाणी लिहिलं होतं ना, मग तेही बघू.

नळाचं पाणी आटून उरलेलं तारेवर घेऊन ज्योतीत धरलं, सोडियमची पिवळी ज्योत. निळ्या काचेतून ती पिवळाई गायब, मागे काही नाही. पाचव्या धुण्याचं धरलं, काही नाही. मग साच्याचं. उघड्या डोळ्यांना पिवळीच. पण निळ्या काचेतून ज्योतीची कड फिकट जांभळी झाली आणि तशीच राहिली. माधुरी मॅडमनी काच डोळ्यांवरून काढली, परत लावली आणि तार पुन्हा धरायला सांगितलं. पुन्हा जांभळी.

"पोटॅशियम," त्या म्हणाल्या. "नळातून एवढं येत नाही. कुठून आलं?"

द्रौपदीने मनालीकडे पाहिलं. सांगायचं काम तिचं होतं. मनाली आधी टिपणिसाकडे बघत होती, मग जमिनीकडे, आणि मग तिने फोन काढून फोटो मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी तो बोटांनी मोठा केला.

टिपणीस म्हणाला, की हे अगदी नगण्य प्रमाण आहे, भावनेचा भाग होता, आणि स्टाफच्या समाधानासाठी करावं लागतं. स्टाफच्या समाधानासाठी. मनाली चक्क फिसकन हसली. माधुरी मॅडम एवढंच म्हणाल्या, की नगण्य प्रमाणासाठीच आम्ही तुमच्याकडे येतो, डॉक्टर; ढोबळ काम आम्हाला घरी येतं. नवा अहवाल आत्ता लिहा, मी घेऊन जाते. तपासणीची सही गजभियेबाईंची.

टिपणीस लिहायला बसला. पेन छान, अक्षर छान. लिहून झाल्यावर कागद द्रौपदीपुढे सरकवला. इंग्रजी होतं, ती सावकाश वाचत गेली. हाताळणीदरम्यान साच्यांचा वनस्पतिजन्य सेंद्रिय द्रवाशी अनवधानाने संपर्क आला.

तिने पेनचं टोपण परत लावलं.

"नारळ लिहा, सर."

"अर्थ तोच आहे हो, द्रौपदीबाई."

"मग नारळ लिहा. आणि अनवधानाने काढा. दोनदा शिंपडलं, फोटोवाल्याने सांगितलं म्हणून."

"दिल्लीपर्यंत जाणार हा कागद. तिथे नारळ कसा लिहायचा? कंपनीचं काय राहील?"

"पीएचडी असून फोडता आला ना? मग लिहायला काय होतंय?"

माधुरी मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. त्याची सुटका करायची त्यांची इच्छा दिसत नव्हती. टिपणिसाने खोडलं. नारळ लिहिलं. द्रौपदीने आणखी एक ओळ लिहायला लावली, की पिशव्या तपासणी सहायकाच्या गैरहजेरीत, संचालकांच्या सांगण्यावरून उघडल्या. त्याने तीही लिहिली, पण अक्षर आता तितकंसं छान नव्हतं. मग तिने टोपण काढलं आणि मराठीत, पूर्ण नावाने सही केली. पिशव्या सोडून बांधणारी म्हणून मनालीने खाली सही केली, न सांगता.

काम कंपनीकडेच राहिलं. मॅडमनी साचे नव्याने मागवले आणि पिशव्यांवर आपल्या कार्यालयाचं सील लावायची अट घातली. टिपणीस तेव्हापासून द्रौपदीशी कामापुरतं बोलतो, ते तिला अतिशय सोयीचं पडतं. निरोप समारंभाचा विषय पुन्हा निघाला नाही. मनाली मात्र रोज पाऊण तास लवकर येऊन धुण्याच्या खोलीत उभी राहायला लागली. पहिल्या दिवशी तिने धुतलेल्या साच्याचं पाणी द्रौपदीने ज्योतीत धरून काचेतून तपासलं आणि साचा परत पाण्यात टाकला.

"पुन्हा," ती म्हणाली. "आणि अंगठी काढून ये."